ड्रंक अँड ड्राईव्हची केस आणि कोर्टाची समुपदेशनाची अट : कोल्हापुरात नेमकं काय करायचं

गटारी, गणपती विसर्जन आणि एकतीस डिसेंबर. या तिन्हींनंतरच्या आठवड्यात माझ्या फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “मॅडम, एक सर्टिफिकेट पाहिजे होतं.” नाव नाही, गाव नाही, थेट सर्टिफिकेट. किती पैसे लागतील, हे दुसरं वाक्य.

मी कोल्हापुरात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. माझ्याकडं येणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःहून येत नाहीत. कुणाला बायको आणते, कुणाला कंपनीचा एचआर पाठवतो आणि काहींना कोर्ट पाठवतं. हे लिखाण त्या शेवटच्या गटासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की सर्टिफिकेट मागायला येऊ नका, तपासणीला या. तपासणी नीट झाली की कागद आपोआप तयार होतो. उलट्या बाजूनं सुरुवात केलीत तर कागदही कच्चा राहतो आणि पुढच्या गटारीला पुन्हा तावडे हॉटेलच्या नाक्यावर मशीनमध्ये फुंकायची वेळ येते.

आधी कायद्याचं तेवढं बघू. मी वकील नाही, पण रोज तेच कागद बघून पाठ झालंय.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. हेल्मेट किंवा सिग्नलच्या चलनासारखा हा दंड मोबाईलवर भरून मिटत नाही. कलम १८५ तडजोडीच्या यादीत नाही, म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागतेच. “साहेबाशी ओळख आहे, तिथंच मिटवतो” म्हणणारा पाहुणा प्रत्येकाला असतो. त्याचा चहा घ्या, सल्ला घेऊ नका.

मशीन फुंकायला नकार दिला म्हणजे सुटलो, असंही नाही. नकार हाच कोर्टात तुमच्याविरुद्ध जातो. अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, रात्री नेलं होतं, रक्त घेतलं होतं, असं माणसं सांगतात ते याच कारणानं. त्या रात्रीची मशीनची चिठ्ठी आणि तपासणीचा कागद, दोन्हींची झेरॉक्स वकिलाकडून मागून घ्या. मला ती लागते, का ते पुढं सांगते.

लायसन्सचं दुखणं वेगळं आणि लोकांना तेच उशिरा कळतं. गुन्हा शाबित झाला की कोर्टानं कमीत कमी सहा महिने लायसन्स बंद ठेवायचं, असं कलम २० सांगतं. शिवाय पोलिस लायसन्स जप्त करून आरटीओकडं पाठवू शकतात आणि आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी तीन महिने बंद आणि दुसऱ्या वेळी थेट रद्द करू शकतं. लायसन्स परत हातात पडण्याआधी रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करायचं, हेही २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. या रिफ्रेशर ट्रेनिंगचा आणि माझ्या समुपदेशनाचा काही संबंध नाही. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये होतं, हे माझ्यासमोरच्या खुर्चीत. एकाचा कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. दोन्ही कागद एकाच फायलीत ठेवा, पण एकच समजू नका.

आता मुद्द्याचं. कलम १८५ मध्ये “आरोपीनं दारू सोडायचे उपचार घ्यावेत” असं कुठंही लिहिलेलं नाही. मग कोर्ट कुठून सांगतं? वेगवेगळ्या वाटांनी.

एक वाट म्हणजे जामिनाची अट. २०२५ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात जामीन देताना आरोपीला शनिवार-रविवारी वरळी नाक्यावर ‘दारू पिऊन गाडी चालवू नका’ असा फलक धरून उभं राहायला सांगितलं होतं. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोघांचा जीव गेला, त्यात बाल न्याय मंडळानं सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाला. संताप झाला तो योग्यच होता आणि पुढं तो आदेश बदललाही. पण त्याच आदेशात दारू सोडण्यासाठी डॉक्टरांकडं जाण्याची आणि समुपदेशनाची अट होती, ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. आपल्याकडं उपचार म्हणजे शिक्षेतली पळवाट वाटते, हे मला त्या आठवड्यात फार जाणवलं.

दुसरी वाट परिविक्षेची, म्हणजे प्रोबेशनची. अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ नुसार कोर्ट शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. हे बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं. देखरेखीचा आदेश झाला तर तो किमान वर्षभराचा असतो आणि त्यात मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट घालता येते, हे कायद्यातच शब्दशः आहे. देखरेख जिल्हा परिविक्षा अधिकारी करतात, महिला व बालविकास विभागाचे. मात्र कुणाचा जीव गेला असेल तर या वाटेची आशा धरू नका. बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्याला ही सवलत सहजासहजी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच बजावलं आहे.

तिसरी वाट सगळ्यात साधी. तुम्ही स्वतःच आधी तपासणी करून घ्यायची, काही भेटी पूर्ण करायच्या आणि वकिलामार्फत तो अहवाल शिक्षेच्या मुद्द्यावर कोर्टासमोर ठेवायचा. मॅजिस्ट्रेटनी काय करावं हा त्यांचा अधिकार. इंग्लंडमध्ये असा कोर्स पूर्ण केला तर लायसन्सबंदी पाव हिश्शापर्यंत कमी होते. आपल्या कायद्यात अशी ठरलेली सूट नाही. “आमच्या केंद्रात ॲडमिट व्हा, शिक्षा माफ करून देतो” असं कुणी म्हटलं तर तिथून उठा.

आदेशाचा कागद स्वतः वाचा

वकील सांगतात ते ऐका, पण ऑर्डरची प्रमाणित प्रत काढा आणि तिच्यातली अट पेनानं अधोरेखित करा. ‘समुपदेशन घ्यावे’ आणि ‘व्यसनमुक्ती उपचार घ्यावेत’ यात फरक आहे. किती भेटी, किती मुदतीत, कुणाकडं, अहवाल कुणी सादर करायचा, हे लिहिलंय का बघा. बऱ्याचदा यातलं निम्मं लिहिलेलंच नसतं. मग वकिलाला सांगून पुढच्या तारखेला विचारून घ्या. अंदाजानं चालू नका.

तारीख कुठं आहे तेही नीट बघा. सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भरतं. तुमची केस तिथं नाही. जिल्ह्याचं न्यायसंकुल कसबा बावड्याला आहे. हसू नका, सवयीनं जुन्या कोर्टापुढं जाऊन उभी राहिलेली माणसं मला भेटली आहेत आणि पुकारा झाला तेव्हा ती दसरा चौकात रिक्षा शोधत होती.

तपासणी म्हणजे काय होतं

घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्या भेटीत मी दहा प्रश्न विचारते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आहे, ऑडिट नावाची. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सकाळी उठल्या उठल्या लागते का, पिण्यामुळं ठरलेलं काम चुकलंय का, कुणाला इजा झालीय का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी काळजी बोलून दाखवलीय का. प्रत्येक उत्तराला गुण, एकूण चाळीस. आठच्या खाली असाल तर आपण दारूबद्दल कमी आणि गाडीबद्दल जास्त बोलणार. आठ ते पंधरा म्हणजे पिणं धोक्याच्या रेषेवर आलंय. सोळाच्या पुढं सलग समुपदेशन लागतं. वीस किंवा जास्त असतील तर मी एकटी पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडं जावंच लागतं.

इथं सगळे खोटं बोलतात. पहिल्या भेटीत सगळ्यांचं उत्तर एकच : “कधीतरी, दोस्तांबरोबर, नाईंटी.” म्हणून मला ती मशीनची चिठ्ठी लागते. आकडा मोठा असूनही माणूस हवालदाराशी नीट बोलत होता, पाय लटपटत नव्हते, असं असेल तर ते कौतुकाचं नाही. शरीराला दारूची सवय झाल्याची ती खूण आहे. नाईंटीवर तो आकडा येत नाही, हे मी शांतपणे दाखवते आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

डॉक्टर काही रक्तचाचण्या सांगतील. एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी, हिमोग्राम. जीजीटी हा लिव्हरचा एक एन्झाइम आहे, नियमित पिणाऱ्यात तो वाढलेला असू शकतो आणि दारू बंद केली की काही आठवड्यांत खाली येतो. दोन महिन्यांच्या अंतरानं केलेले दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की माणसाला स्वतःलाच काहीतरी दिसतं. कोर्टालाही तो कागद कळतो.

मी जे ऐकते ते गुप्त राहतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी जोडलेले आजारही येतात आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यातच आहे. कोर्टाला जाणाऱ्या अहवालात तुमच्या बायकोशी झालेलं भांडण मी लिहीत नाही. काय जाणार, ते आधी तुम्हाला वाचायला देते.

एकदम सोडू नका, हे आधी वाचा

केस लागल्यावर घरात रडारड होते, आई देवीपुढं शपथ घालते आणि माणूस त्या रात्रीपासून पूर्ण बंद करतो. आठवड्यातून एकदा पिणाऱ्याला याचा काही त्रास नाही. पण जो रोज पितो, ज्याला सकाळी हात थरथरतात म्हणून घोट लागतो, त्यानं डॉक्टरशिवाय एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, माणूस भिंतीवर किडे बघतो, घरच्यांना ओळखत नाही. ही करणी नाही, बाहेरची बाधा नाही. ज्योतिबाला नारळ नंतर फोडा, आधी सीपीआरच्या अपघात विभागात न्या. तिथं झोपेच्या वर्गातली औषधं मोजून देतात, बी-वन जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात आणि बहुतेकांचा त्रास आठवड्याभरात आवरतो. खोलीत कोंडून ठेवलेली माणसं मी उशिरा आलेली पाहिली आहेत, म्हणून एवढं स्पष्ट लिहिते.

आणखी एक. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींची पावडर आमटीत घालू नका. दारूचा तिटकारा आणणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. ते घेतल्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. वहिनी, तुम्ही नवऱ्याच्या काळजीनंच हे करत असता हे मला कळतं, पण चोरून दिलेल्या औषधावर तो बाहेर क्वार्टर मारून आला तर त्या रात्री तुमच्या हातात काही राहत नाही.

भेटींमध्ये काय करतो

सगळ्यात जास्त वेळ जातो तो दोन गोष्टींत.

पहिली, हिशोब. कोल्हापूरच्या माणसाला दारूचं सगळं माहीत असतं, फक्त ग्रॅम माहीत नसतात. साठ मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. साडेसहाशेच्या एका स्ट्राँग बिअरच्या बाटलीत चाळीसच्या आसपास. म्हणजे “मी फक्त बिअर घेतो” म्हणणारा एका बाटलीत दोन लार्ज पिऊन उठतो. हे फळ्यावर लिहिलं की दर वेळी कुणीतरी म्हणतं, “असलं कसं असंल?” मग बाटलीवरचा टक्का वाचायला लावते आणि गुणाकार त्यालाच करायला देते.

पुढचा हिशोब वेळेचा. रक्तातली दारू उतरण्याचा वेग ठरलेला आहे, तासाला शंभर मिलीमागं साधारण पंधरा मिलिग्रॅम. माणसागणिक थोडं कमी-जास्त. लिंबूपाणी, काळी कॉफी, ताक, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, यातल्या कशानंही हा वेग वाढत नाही. आता सत्तर किलोचा गडी घ्या. लग्नाच्या हळदीत रात्री बारापर्यंत एक क्वार्टर, म्हणजे १८० मिली, संपवली. साठेक ग्रॅम झालं. तीसच्या खाली यायलाच त्याला सहा-सात तास लागू शकतात. सकाळी सातच्या शिफ्टला गोकुळ शिरगावला जाताना तो स्वतःला ताजातवाना समजत असतो. झोप झालेली असते, तोंड धुतलेलं असतं, पण कायद्याच्या रेषेशी त्याचं अजून जमलेलं नसतं. एका फौंड्रीतल्या पोरानं हे गणित मांडून झाल्यावर बराच वेळ काहीच बोललं नाही, मग विचारलं, “म्हणजे मी आठवड्यातून तीन वेळा सकाळी बी तसलाच जातोय का?” त्याच्या केसची रात्र त्यानं तोवर एकदाही मनावर घेतली नव्हती.

दुसरी गोष्ट, त्या रात्रीचा रस्ता. मी कोरा कागद देते आणि दुपारपासून नाकाबंदीपर्यंत सगळं काढायला सांगते. कुणाचा फोन आला, गाडी कुणाची, ढाबा कुठला, पहिला ग्लास किती वाजता, निघताना कोण काय म्हणालं. पन्हाळा रोडवरनं येताना शिवाजी पुलाच्या अलीकडं पकडलं, असं सगळे शेवटापासून सांगतात. पण निर्णय तिथं झालेला नसतो. तो संध्याकाळी सहा वाजता झालेला असतो, घरातून गाडीची किल्ली उचलताना. दोन ग्लास झाल्यावर “मी चालवू का नको” हा प्रश्न विचारणारा मेंदूच जागेवर नसतो, म्हणून तेव्हा ठरवायला काही उरत नाही. कागदावर हे प्रत्येकाला स्वतःचं स्वतः सापडतं. मी फक्त पेन पुढं करते.

मग पुढचं नियोजन, अगदी बारीकसारीक. जेवण केर्लीच्या पुढं असेल तर जायचं कशानं? न पिणारा गडी कोण आणि तो खरंच न पिणारा आहे का, का “आज कमी घेणार” एवढाच आहे? “गाडी तिथंच ठेवून येतो” म्हणायला लाज वाटते, तर ते वाक्य कुणापुढं आणि कसं म्हणायचं? तालमीतल्या पोरांत “एवढ्यानं काय होतंय मर्दा” हे ऐकून न घेणारा माणूस दुर्मिळ. त्याला उत्तर काय द्यायचं, याची आम्ही चक्क तालीम करतो. माझ्या अनुभवात सगळ्यात चालणारं उत्तर तेच, जे खरं आहे : “कोर्टाची तारीख हाय.” त्यावर कुणी वाद घालत नाही.

एक भेट घरच्यांबरोबर असते. हैदराबादला वाहतूक पोलिसांनी दारू पिऊन सापडलेल्यांचं समुपदेशन घरच्यांना सोबत बोलावून करायची पद्धत ठेवली आहे, ती मला पटते. घरच्यांना फैलावर घ्यायला बोलवत नाही. बायकोला नेमकं काय दिसतं ते त्यानं गप बसून ऐकायचं असतं. एवढंच, पण ते अवघड जातं.

केंद्र कसं निवडायचं

दाखल व्हायची गरज फार थोड्यांना असते. ऑडिटचे गुण कमी असताना “महिनाभर ॲडमिट करा, कोर्टाला बरं दिसतंय” असं वकील किंवा सासरे सुचवत असतील तर नको म्हणा. नोकरी जाते आणि फायदा काही नाही.

सरकारी वाट सीपीआरच्या मानसोपचार विभागाची. केसपेपर काढा, सकाळी लवकर जा, रांग असते. फोनवर आधी बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि १४४१६ ही टेली-मानस, मानसिक आरोग्याची. दोन्ही मोफत. अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) हा दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेला गट, त्याच्या सभांना फी नाही, नाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी त्यांच्यासारखाच अल-अनॉनचा गट असतो. पण एए हजेरीचा अहवाल देणारी संस्था नाही, त्यामुळं कोर्टाच्या अटीसाठी फक्त त्यावर अवलंबून राहू नका. अट संपल्यावर मात्र तीच जागा जास्त उपयोगाची ठरते. निवासी उपचारांसाठी लांब जायची तयारी असेल तर पुण्याचं मुक्तांगण, १९८६ पासून चालू आहे, नाव सगळ्यांना माहीत आहे.

खासगी केंद्रात जाताना चार प्रश्न विचारा आणि उत्तरं टाळली तर परत फिरा. मानसिक आरोग्य संस्था म्हणून नोंदणी आहे का, प्रमाणपत्र भिंतीवर दिसतंय का? मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी येतात? रुग्णाला घरी फोन करता येतो का? मारहाण, बांधून ठेवणं, रात्री उचलून नेणारी गाडी यातलं काही आहे का? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण विचाराच. आमच्याच क्षेत्रात दांडक्यानं दारू सोडवणारे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. तिथून बाहेर पडलेला माणूस माझ्याकडं येतो तेव्हा त्याचं पिणं सुटलेलं नसतं, फक्त डॉक्टरवरचा विश्वास सुटलेला असतो.

अहवालात काय असावं

लेटरहेड, नोंदणी क्रमांक, तुमचं नाव आणि वय, केस नंबर आणि कोर्टाचं नाव, तपासणीची तारीख, प्रत्येक भेटीची तारीख, कुठली पद्धत वापरली, पुढची शिफारस, सही आणि शिक्का. ‘सदर इसम पूर्णपणे व्यसनमुक्त झाला आहे’ असं वाक्य मी कधीच लिहीत नाही. दोन महिन्यांत तसं कुणालाही म्हणता येत नाही आणि सरकारी वकिलांनी उभं करून विचारलं तर माझीच पंचाईत. ‘सर्व भेटींना हजर राहिले, अमुक काळ दारू न घेतल्याचे सांगतात, रक्तचाचणी त्यास सुसंगत आहे’ एवढं लिहिलं तर ते टिकतं. चुकलेल्या भेटी चुकल्या म्हणूनच लिहिते. मध्ये एकदा प्यायलात तर तेही मला सांगा. अहवालात काय आणि कसं जाईल ते आपण बोलू. लपवलेलं नंतर बाहेर आलं तर आधीच्या सगळ्या भेटींवर पाणी पडतं. परिविक्षेच्या बंधपत्रावर असाल तर ते आणखी महागात जातं, कारण अट मोडली की मूळ गुन्ह्याची शिक्षा कोर्ट पुन्हा उघडू शकतं.

मूळ प्रत वकिलाकडं, एक झेरॉक्स घरात, एक फोटो फोनमध्ये. परिविक्षा अधिकाऱ्यांकडं हजेरी असेल तर तिथली पोच वेगळी घ्या.

लायसन्स नसतानाचे महिने

इथं बहुतेक जण घसरतात. दारूवर नाही, गाडीवर. “गल्लीतनं मंडईपर्यंतच जातोय” म्हणत स्कूटर काढली आणि सापडलात तर कलम १८२ लागतं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आधीची केस चालू असताना हे दुसरं प्रकरण कोर्टापुढं गेलं की माझ्या अहवालाचा कागद रद्दीचा. गाडीची किल्ली घरातल्या दुसऱ्याकडं द्या, विमा त्यांच्या वापरासाठी चालू ठेवा आणि केएमटीचं, म्हणजे शहर बसचं, वेळापत्रक बघून ठेवा. ज्याचं पोटच स्टेअरिंगवर आहे, टेम्पो, ट्रक, ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर, त्यानं मालकाशी पहिल्याच आठवड्यात बोलावं. लोडिंगला, गोडाऊनला, क्लीनर म्हणून काही महिने काढता येतात. मालकाला नंतर दुसऱ्याकडून कळलं तर तेही दार बंद होतं.

संध्याकाळचे सहा ते नऊ हे तास अवघड असतात, त्यांची सोय आधी लावा. कुणी रंकाळ्याला चालायला जातो, कुणी पुन्हा तालमीत उतरतो. एक काका गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहायला लागले. समोर म्हैस पिळतात, ग्लास हातात मिळतो, गप्पाही होतात. ते म्हणाले, ग्लास धरायची सवय तेवढी गेली नाही. जाऊ दे, राहू दे की, मी म्हटलं.

मुदत संपली की क्रम असा. दंडाची पावती आणि कोर्टाच्या अंतिम आदेशाची प्रत घ्या. लायसन्स कोर्टात आहे की आरटीओत, ते विचारा, बऱ्याचदा दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. रिफ्रेशर ट्रेनिंगचं प्रमाणपत्र जोडून आरटीओत अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. लायसन्स प्रत्यक्ष हातात येईपर्यंत बंदीचा काळ संपलाय असं धरू नका.

आणि पहिल्या भेटीला येताना एवढं आणा : ऑर्डरची प्रत, मशीनच्या चिठ्ठीची झेरॉक्स, आधार कार्ड, चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची पट्टी आणि घरातलं एक माणूस. येण्याआधी किमान रात्रभर काही घेऊ नका, पण रोज लागत असेल, सकाळी हात थरथरत असतील तर हा नियम तुम्हाला नाही. तुम्ही थांबवायच्या आधी फोन करा आणि थेट डॉक्टरांच्या वेळेला या. रिक्षानं या.